या आठवड्याची ‘उभी’

९ फेब्रुवारी

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही, आणि नुसतं नाव घालून लिहिलं तर हिशेबनीस वाटेन. तेव्हा मायना सोडूनच देते. अक्षरावरून ओळखशीलच.

वहिनीचं पत्र बघून दचकली असशील. पाच वर्षं आपण एकमेकींशी शब्द बोललो नाही, आणि आता एकदम भरलेला लिफाफा. फोन करता आला असता. पण तुझा आवाज ऐकला की माझं डोकं तापतं, शिवाय समोरच्याचं वाक्य संपायच्या आत हसायची तुला खोड आहे. कागद मध्येच हसत नाही.

मुद्द्याचं बोलते. माझी गोगी तुझ्या घरून दर रविवारी आम्हाला फोन करते. गेल्या रविवारी मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. आत्या म्हणते, आत्या म्हणाली, आत्याला विचारून सांगते. थंडी आहे का गं तिकडे, असं विचारलं तर म्हणाली, ‘आत्या म्हणते यंदा कमी आहे.’ अगं, तुला स्वतःला अंग आहे की नाही? थंडीसुद्धा आत्याला विचारून वाजते का?

आणि तुझा तो क्लब. बंबावर बसून आगी विझवायला जायचीस तोवर बरी होतीस. गुडघा गेला, साहेबांनी तुला शिकवायच्या कामावर बसवलं, आणि तू अग्निशमन केंद्रामागच्या शेडमध्ये तेरा ते सतरा वर्षांची पोरं गोळा करून त्यांना गावाच्या कामाला जुंपलंस. कुणाचा जिना झाड, कुणाचं सामान हलव, कुठे दिवा लावून घे. त्याला तुम्ही नेतृत्व घडवणं म्हणता. मी त्याला फुकटची हमाली म्हणते.

गोगी सांगत होती, ती चाळीस माणसांसमोर उभी राहून बोलली. एका इमारतीच्या जिन्यात दिवे नाहीत म्हणून सभा होती म्हणे.

मी म्हटलं, ‘कोण बोललं?’

‘मी.’

‘तू?’

‘हो गं आई. मला इथे सगळे तोफ म्हणतात.’

तोफ! माझ्या गोगलगायीला! ते गोगी नाव मी ठेवलंय, माहीत आहे ना? पाहुणे आले की ही कवचात. शाळेत लेखी परीक्षेत चांगले गुण आणि तोंडी परीक्षेत भोपळा. बाई मला बोलावून विचारायच्या, हिला येतं सगळं, मग बोलत का नाही? मी सांगायचे, लाजरी आहे. चपला घ्यायला गेलो तर कुठली टोचते तेही दुकानदाराला मीच सांगायचे. आईला कळतं ते. पोरीला बोलायचा त्रास होतो तर कशाला द्यायचा?

त्या भोपळ्यांचं निमित्त करून तुझ्या भावाने माझ्या नकळत तुला फोन केला, की वर्षभर ठेवून घे, हवापालट होईल. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. त्याच्या तोंडातून शब्द काढायचा तर पाना लागतो, पण कारस्थान मात्र कसं सफाईने केलं! मी हो म्हटलं ते एका वर्षासाठी. एप्रिलअखेर परीक्षा संपते. परीक्षा संपली की गोगी घरी, आणि दहावी ती इथून करणार. आत्ताच सांगून ठेवते. मागाहून ‘वहिनी, तिचीच इच्छा आहे’ वगैरे ऐकून घेणार नाही.

सोबत तिचे दोन पायजमे पाठवते आहे. लांबी अंदाजाने धरली आहे.

— तुझी वहिनी


२३ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. ‘वहिनी, एकदा येऊन बघा.’ आणि खाली, ‘पायजमे चार बोटं आखूड झाले.’

चार बोटं! माझी मुलगी चार बोटं वाढली, आणि ते मला तुझ्या अक्षरात वाचायला मिळावं!

येऊन काय बघू? मला काम नाही का? हॉस्पिटलच्या लाँड्रीत घडीच्या टेबलावर सहा बायका माझ्या हाताखाली आहेत. दिवसाला किती चादरी येतात ते सांगितलं तर तुझा विश्वास बसणार नाही. त्यात एक नवी मुलगी लागली आहे. चादरीची घडी दोघींनी मिळून घालायची असते, दोन टोकं हिने, दोन तिने. ही नेमकी टोकं चुकवते. शिकवत बसण्यापेक्षा मी चारही टोकं एकटी धरते आणि मोकळी होते. ती शेजारी उभी राहून बघते. पगार मात्र वेळेवर घेते.

परवा जेवताना तुझा भाऊ म्हणाला, ‘तुला छोटीचा हेवा वाटतो.’ छोटी म्हणजे तू. अजून छोटीच आहेस तू त्याची. हा माणूस महिन्यातून एकदा तोंड उघडतो, आणि उघडतो ते यासाठी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, हेवा करण्यासारखं आहे काय तिच्याजवळ? तो गेलेला गुडघा? त्याने ताटातली भाजी संपवली आणि उठला.

मग भांडी घासताना वाटलं, खोटं कशाला बोला? वाटतो. चांगला वाटतो. तुझ्या आईचं अंथरूण तीन वर्षं मी सांभाळलं. तिला उचलणं, तिला पुसणं, तिच्या शिव्या खाणं, सगळं मी. शेवटच्या दिवशी डोळे उघडले तर म्हणते काय, ‘ती आली का?’ मी हातात वाटी-चमचा घेऊन समोर उभी. तू दुसऱ्या दिवशी आलीस, बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हतीस, तर सगळं घर तुझ्या गळ्यात पडून रडलं. मी स्वयंपाकघरात होते. त्या दिवशी तुला जे बोलले ते बोलले. त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही.

पण ती तुझी आई होती. तिने तुझी वाट पाहिली, त्यावर तुझा हक्क होता. गोगी माझी आहे.

पायजमे परत पाठव. खालची दुमड उसवून देते.

— वहिनी


१६ मार्च

तर आले, आणि बघितलं.

न कळवता आले याचा तुला राग असेल. कळवून आले असते तर तू सगळं सजवून दाखवलं असतंस. तुझ्या शेजारणीने सांगितलं, सगळी पोरं त्या चारमजली जुन्या इमारतीकडे गेलीत, तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शिंपीकाकांना तळमजल्याच्या खोलीत हलवायचंय. त्यांना आता दिसत नाही, जिना झेपत नाही. मी तशीच बॅग घेऊन तिकडे आले.

मला जे दिसलं ते सांगते. रस्त्यापलीकडच्या पायरीवर तू पाय लांब करून शेंगा खात बसली होतीस. अंगणात गोगी उभी होती. दोन्ही हात पाठीमागे, रुमालाने बांधल्यासारखे घट्ट धरलेले. बाकीची पोरं घामाघूम. वर जिन्याच्या वळणावर कपाट अडकलेलं, ना वर ना खाली. वरून पोरं ओरडतायत, ‘तोफ, आता काय?’ आणि माझी मुलगी गप्प. नुसती वर बघतेय. रस्त्यावरचा एक माणूस तर हसत उभा राहिला होता.

मला शाळेतली ती तोंडी परीक्षाच दिसली. म्हटलं, हिला सगळ्यांसमोर उभं करून छळतायत, आणि आत्या शेंगा खातेय! मी बॅग टाकली आणि जिना चढले. ‘व्हा बाजूला’ म्हटलं. कपाटाची दारं बिजागरीतून काढली, कपाट आडवं केलं, दोघांना खालून धरायला लावलं, निघालं. मग काय, दम कशाला घ्यायचा? पलंग, शिलाईचं मशीन, ट्रंका, भांडी, सगळं तासाभरात खाली. लावूनही दिलं. पलंग खिडकीशी, मशीन कोपऱ्यात, ट्रंका एकावर एक. खोली अशी दिसायला लागली की कुणीही राहायला यावं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तू बघितलंस ना? टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, ‘तोफेची आई म्हणजे तोफखाना आहे.’

मी हसत मागे वळले तर गोगी दारात. चेहरा चादरीसारखा पांढरा. तो कुरळ्या केसांचा मुलगा तिला हळूच म्हणाला, ‘तुझी पाळी गेली गं.’

मला काय माहीत कसली पाळी?

मग तू शिंपीकाकांना हाताला धरून आणलंस. ते दोन पावलं चालले आणि कपाटाच्या कोपऱ्यावर आपटले. हात पुढे करून पलंग शोधला तर तिथे मशीन. ‘ही माझी खोली नाही,’ म्हणाले, ‘मला परत वर न्या.’ किरकिरे असतात म्हातारे. पण ते रडायला लागले ते मात्र मला बघवलं नाही.

गोगी माझ्याशी बोलली ती थेट बसच्या थांब्यावर. ‘आई, दारं काढायची हे मला माहीत होतं. तो कुरळा आहे ना, तो सुताराचा मुलगा आहे. त्याला वरच्या मजल्यावरून उतरायला सांगून मी वाट बघत होते.’

मी म्हटलं, ‘मग सांगायचं नाहीस?’

‘तू विचारलंस का?’

आणि मग म्हणाली, की आधीच्या आठवड्यात ती तीनदा काकांकडे गेली होती. डोळे मिटून त्यांच्या खोलीत चालून पाहिलं होतं. दारापासून पलंग किती पावलं, पलंगावरून हात कुठे पोचतो, पाण्याचा माठ कुठल्या हाताला. खालची खोली तश्शीच लावायची होती, म्हणजे त्यांना दिसत नसलं तरी घर ओळखू आलं असतं. तुम्ही रात्री दहापर्यंत सगळं पुन्हा हलवत होतात, हे मला तुझ्या भावाकडून कळलं. त्याला तू सांगितलंस.

पण हात मागे बांधून उभं राहायचं हा कुठला खेळ? हे आधी कुणी सांगायला नको? मला कशाला तोंडघशी पाडलंत? बस सुटली तेव्हा ती हात हलवेल म्हणून मी खिडकीशी बसले होते. ती पाठ फिरवून तुझ्याकडे चालत गेली.

— वहिनी


२९ मार्च

तुझं लांबलचक पत्र दोनदा वाचलं. एकदा रागाने, एकदा तुझ्या भावाने मोठ्याने वाचायला लावलं म्हणून.

म्हणजे तुमच्या क्लबात दर आठवड्याला एक जण ‘उभा’ किंवा ‘उभी’, आणि बाकीचे ‘हात’. जो उभा त्याने कामाला बोट लावायचं नाही. बोट लावलं, किंवा दुसऱ्याने येऊन त्याच्या जागी हुकूम दिले, तर पाळी गेली, पुन्हा तीन आठवड्यांनी. हे तू बंबावरून आणलंस. आगीच्या जागी जो प्रमुख असतो त्याने पाइप हातात धरायचा नाही, कारण पाइप धरला की त्याला पाइपापुढची आगच दिसते, मागे कललेली भिंत दिसत नाही. बरं. आगीचं समजलं. कपाटाला कुठे आग लागली होती?

तुझा भाऊ म्हणाला, एकदा करून तर बघ. म्हणून मी सोमवारी लाँड्रीत टेबलापासून दोन पावलं मागे उभी राहिले, हात पाठीशी. नव्या मुलीने पहिलीच चादर उचलली, टोक निसटलं, चादर जमिनीवर. धुतलेली चादर! मी किती वेळ टिकले असेन विचारू नकोस. बाकीच्या बायका अजून हसतायत. मुकादमबाईंना हातकडी घातली म्हणे.

ते जाऊ दे. दोन रविवार गोगीचा फोन नाही. ‘अभ्यास आहे’ असा निरोप येतो, तोही बाबांच्या फोनवर. तुझ्याशी मात्र बोलते, जेवते, तुझ्या गुडघ्याला तेल लावून देते असं कळलं. माझ्या पाठीला कधी लावलं नाही. लावते म्हणाली असती तरी मीच नको म्हटलं असतं, पण विचारलं तर असतं!

तू तिला माझ्याविरुद्ध काही सांगत नाहीस हे मला माहीत आहे. तेच तर जास्त झोंबतं. कान भरत असतीस तर मला भांडता तरी आलं असतं.

मी शाळेला लिहिलं आहे, दाखला तयार ठेवा म्हणून. परीक्षा संपल्यावर तुझा भाऊ तिला घ्यायला येईल. यावर चर्चा नाही.

— वहिनी


११ एप्रिल

हे पत्र जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे, मळक्या चादरींच्या कोठीत, गठ्ठ्यावर बसून. आज मी तुला जरा दुखवणार आहे, आणि खरं सांगते, मला त्यात आनंद आहे.

बुधवारी दुपारी गोगीचा फोन आला. रविवार नव्हता. बाबांना नाही, मला केला. इस्त्रीचे रोलर चालू होते, काही ऐकू येईना, म्हणून मी याच कोठीत आले. ती रडत होती. तुझ्याकडे राहायला लागल्यापासून ती तुझ्यासमोर रडली आहे का? नसेल. मी विचारलं नाही, पण मला माहीत आहे.

शनिवारचं तुला माहीतच आहे. गोगीची पाळी होती. जिन्याच्या कठड्यांना रंग द्यायचं काम. तिने विचारलं, ‘स्टूल तपासलं का?’ कुणीतरी हो म्हणालं. तिने स्वतः वळून पाहिलं नाही. तो सगळ्यात लहान, तेरा वर्षांचा, त्याच स्टुलावरून पडला आणि मनगट मोडून घेतलं. संध्याकाळी त्याची आई शेडमध्ये आली. ‘आज कोण होतं प्रमुख?’ म्हणून ओरडली. सगळ्यांनी गोगीकडे पाहिलं. आणि गोगीचा आवाज गेला. तोंड उघडलं म्हणे, तरी आवाज नाही.

आणि मग तू पुढे झालीस. ‘जबाबदारी माझी आहे’ म्हणालीस, बोललीस, माफी मागितलीस, दवाखान्यात गेलीस, सगळं निस्तरलंस.

गोगी मला काय म्हणाली सांगू? ‘आई, मी बोलणार होते. थोडा वेळ लागत होता. आत्या बोलली.’

मी त्या गठ्ठ्यावर बसून हसले गं. मोठ्याने नाही. मनात म्हटलं, घे! तूही! हात मागे, पाइप धरायचा नाही, काय काय पत्रात लिहिलं होतंस, आणि पोरीचा चेहरा उतरलेला बघितलास तर तुलाही राहवलं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा तू मला जवळची वाटलीस.

पुढे ऐक. ती म्हणाली, ‘मला घरी यायचंय. परीक्षेनंतर नको, आत्ता. बाबांना पाठव. मला क्लब नको, तोफ नको, काही नको. आत्याला सांगू नकोस.’

मी वर्षभर ज्याची वाट बघत होते ते पोरीने स्वतःच्या तोंडाने मागितलं. मला फक्त ‘ये’ म्हणायचं होतं. एक अक्षर. रात्रीच्या बसने तुझा भाऊ निघाला असता, सकाळी ती तुझ्या घरातून बाहेर असती, आणि तुला कारणही कळलं नसतं. तुझा चेहरा कसा झाला असता ते मी तेवढ्यात बघूनही घेतलं.

आणि मी काय विचारलं, तर ‘त्या मुलाच्या घरी कोण जाणार?’

‘आत्या जाऊन आली.’

‘मी आत्याचं विचारत नाहीये.’

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मलाच कळलं नाही. कदाचित तुझ्यावरच्या रागानेच निघालं असेल. तू तिच्या जागी बोललीस ना, ते पुसून टाकावं असं वाटलं असेल. देवाला माहीत.

ती म्हणाली, ‘मी जाऊन काय बोलू?’

अगं, मला अख्खं भाषण सुचलं होतं. दारात काय म्हणायचं, आत गेल्यावर काय, त्या बाईने आवाज चढवला तर काय. सगळं जिभेवर. मी हातातल्या चादरीचं टोक दातात धरलं. खरंच धरलं, मळकी चादर. आणि म्हटलं, ‘मला काय माहीत? मी तिथे नव्हते.’

मग ती गप्प. मीही गप्प. पलीकडे रोलर चालू होते, कुणीतरी मला हाका मारत होतं. मला वाटलं, फोन कट झाला. चौदा वर्षांत मी त्या पोरीला इतका वेळ गप्प राहू दिलं नसेल. शेवटी म्हणाली, ‘मी जाते.’ आणि फोन ठेवला. ‘जाऊन आलीस की मग घरी ये’ हे माझ्या ओठांवर होतं, ते तसंच राहिलं.

काल पुन्हा फोन. ती गेली होती. पहिल्यांदा त्या बाईने दार उघडलं नाही. गोगी बाहेर पायरीवर बसून राहिली. मग दार उघडलं, बाईने पाऊण तास ऐकवलं, गोगीने ऐकलं, आणि मग बोलली. काय बोलली ते मला सांगितलं नाही. मुलाने प्लास्टरवर तिची सही घेतली. हे सगळं सांगताना तिचा आवाज असा होता की मला वाटलं, फोनवर दुसरंच कुणी आहे. खणखणीत.

आणि त्याच आवाजात म्हणाली, ‘आई, मी इथेच राहू का? दहावी करून येते.’

म्हणजे मी केलं काय? हातात आलेली मुलगी उचलून पुन्हा तुझ्या दारात ठेवली. मी ‘विचार करून सांगते’ म्हटलं, बाहेर आले आणि सबंध पाळीत कुणाशी बोलले नाही.

म्हणून हे पत्र. तुला कळायलाच हवं. उद्या तू सगळ्यांना सांगशील की बघा, क्लबने पोर कशी घडवली. तुझ्या साहेबांना सांगशील, माझ्या नवऱ्याला सांगशील. तर ऐकून ठेव, तुझ्या क्लबने नाही. तुझ्या क्लबमधून ती पळून येत होती. तिला त्या दारापर्यंत मी पोचवलं. मी, घडीच्या टेबलावरच्या बाईने. सासूबाईंचं सगळं केलं मी आणि नाव झालं तुझं, ते एकदा गिळलं. हे दुसऱ्यांदा गिळणार नाही.

सुट्टी संपली. संध्याकाळी टाकते.


१२ एप्रिल, त्याच कागदाच्या मागे

नाही टाकलं.

पेटीपर्यंत गेले होते. लिफाफा अर्धा आत होता. मग वाटलं, तू वाचशील, आणि तू कितीही गप्प राहायचं ठरवलंस तरी तुझ्या तोंडावर दिसेल. गोगी ते ओळखेल, ती आता माणसांचे चेहरे वाचते. मग तिला कळेल की आईने आत्याला सांगितलं. आणि त्याहून वाईट म्हणजे तिला वाटेल, ती गेली कारण आईने ढकललं.

पण ‘मी जाते’ हे तीच म्हणाली. मी फक्त गप्प होते. पायरीवर तीच बसली, दार तिच्यासाठीच उघडलं.

तुझ्या भावाने विचारलं, पत्र टाकलंस का. मी म्हटलं, तिकीट चिकटलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, काही म्हणाला नाही. या माणसाचं एवढं एक बरं आहे.


२० एप्रिल

तुझं पत्र कालच मिळालं. चार पानं! तुला एवढं लिहिता येतं हे माहीत नव्हतं.

गोगीला दहावीपर्यंत ठेवून घे. शाळेला कळवलं आहे, दाखला नको म्हणून. पण मे महिना पूर्ण ती इथे राहील, एकही दिवस कमी नाही, आणि त्या महिन्यात तू फोन करायचा नाहीस. तिच्या पायाचं माप पाठव. चपला मी घेणार आहे, तू घेऊ नकोस. आणि तुझ्या गुडघ्याला तेल तिच्याकडून लावून घेणं बंद कर, दहावीचं वर्ष आहे.

तू लिहिलंस, ‘आपली मुलगी’. ते मी पेनाने खोडून टाकलं. पत्र माझ्याकडे आहे, मी काहीही करीन. तिला तुझा लळा लागला आहे हे मला दिसतं. मला त्याचा त्रास होतो, होत राहणार, आणि हे मी मोठ्या मनाने वगैरे लिहीत नाहीये. मला तुझा हेवा वाटतो. ती सकाळी उठते तेव्हा तू तिथे असतेस.

उरलं ते त्या मनगट मोडलेल्या मुलाचं. तू लिहितेस की कुणी सांगितलं नाही, कुणी समजावलं नाही, ती आपल्या मनाने उठून त्या घरी गेली. तुझे साहेबसुद्धा म्हणाले म्हणे, क्लबचं चीज झालं. तुला फार आनंद झालेला दिसतोय. अक्षर किती मोठं आलंय.

हो, आपल्या मनानेच गेली ती. मला तर तुझ्या पत्रातूनच कळलं. तिने मला काहीच विचारलं नव्हतं.

— तुझी वहिनी